लंडन पाहावं मंगळवारी, आणि एकटीनं!

हल्ली सांगली काय, नाशिक काय, कुठल्याही गल्लीत विचारा. एखाद्या घरातला मुलगा नाहीतर लेक-जावई लंडनला असतातच. मग सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण निघतं आणि आईची तिकिटं येतात. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशोपा, बाळाची टोपडी-झबली असं सगळं बांधून बाई विमानात बसते. पाच-साडेपाच महिन्यांनी परतते तेव्हा शेजारणी विचारतात, "काय काय पाहिलंत हो?" तेव्हा ती फोनमधले फोटो दाखवते. घड्याळाचा मनोरा, राणीचा वाडा, मोठा पूल. सगळ्या फोटोंत तीच शाल, तोच कोट. कारण ते सगळे एकाच रविवारचे!

बाकीचे दिवस कुठे गेले? ओट्यापाशी. ते गेले म्हणून तक्रार नाही, आपण त्याच कामासाठी जातो. पण बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं, लेक हिंडू-फिरू लागली, की घरातलीच माणसं म्हणतात, "आई, तू जरा बाहेर पड ना." त्यावर आपलं उत्तर ठरलेलं: "शनिवारी तुम्ही न्याल तेव्हा बघू." आणि शनिवारी ती दोघं आठवड्याची धुणी, बाजारहाट आणि अपुरी झोप यांतून वर येत नाहीत. तेव्हा मैत्रिणींनो, माझं सांगणं एवढंच, की लंडन पाहायला शनिवारची वाट पाहू नका. मंगळवारी सकाळी वरण-भात, भाजी करून झाकून ठेवा, पायात मोजे-बूट चढवा आणि एकट्या निघा. शहर त्यासाठी फार सोयीचं आहे, आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळच.

"पण मला इंग्रजी कुठं येतं?" ही पहिली अडचण. बसमध्ये बोलावंच लागत नाही, हे आधी लक्षात घ्या. लंडनच्या बसगाड्यांत २०१४ सालापासून रोख पैसे चालत नाहीत; सुटे मोजणं नाही, कंडक्टरशी हुज्जत नाही. पुढच्या दारानं चढायचं आणि पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं. 'टिक्' आवाज झाला की पैसे पोचले. उतरताना टेकवायचं नाही. (भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडतानाही टेकवावं लागतं. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात.) पुढचा थांबा कुठला ते पाटीवर उमटतं आणि एक बाई स्वच्छ आवाजात सांगतेही. थांब्याचं नाव वहीत लिहून घेतलेलं असलं की अक्षरं जुळवून उतरता येतं. उतरायचं मधल्या दारानं, आणि त्याआधी खांबावरची लाल कळ दाबायची.

कार्ड दोन तऱ्हेचं. एक 'ऑयस्टर' नावाचं, स्टेशनवर मिळणारं. त्यात पैसे भरून ठेवायचे. दुसरं आपलं बँकेचंच, न घालता नुसतं टेकवलं की चालणारं. भारतातून नेलेलं कार्ड असेल तर ते परदेशी व्यवहारासाठी निघण्यापूर्वीच बँकेतून चालू करून घ्या, आणि ती बँक वर किती आकार लावते तेही विचारा. नवरा बरोबर असेल तर त्याचं कार्ड वेगळं, तुमचं वेगळं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. बसच्या एका फेरीला दोन पौंडांच्या आत-बाहेर पडतात, आणि त्याच कार्डावर पुढच्या तासाभरात कितीही बसगाड्या बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. चुकीची बस धरली तरी नुकसान नाही, हे आपल्यासारखीला केवढं धीराचं! दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर कापायचे नाहीत असाही नियम आहे. मात्र साठीच्या पुढच्यांना फुकट प्रवास ही सवलत तिथल्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही.

दुसरी गोष्ट घरच्या पत्त्याची. वहीच्या पहिल्या पानावर घराचा पत्ता आणि त्याखाली पोस्टकोड मोठ्या अक्षरांत लिहा. तिथे पोस्टकोड म्हणजे नुसता पिनकोड नव्हे. आपला पिनकोड पोस्टाच्या एका मोठ्या विभागाचा असतो, त्यांचा थेट पाच-पंचवीस दारांवर आणून सोडतो. वाट चुकली तर तेवढा कागद कुठल्याही दुकानदाराला दाखवावा. वाहनं आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूनं चालतात, तेव्हा रस्ता ओलांडायला बुजायचं कारण नाही. शिवाय कुणीकडे पाहायचं ते गर्दीच्या रस्त्यांवर जमिनीवरच लिहिलेलं असतं.

आता कुठे जायचं? माझं मत विचाराल तर २४ नंबरच्या लाल दुमजली बसनं सुरुवात करा. वरच्या मजल्यावर, अगदी पुढची जागा मिळाली तर उत्तमच. ही बस नदीकाठच्या पिमलिको भागातून निघते आणि व्हिक्टोरिया, पार्लमेंट, ट्रॅफल्गर चौक, टॉटनहॅम कोर्ट रोड, कॅम्डेन अशी उत्तरेला हॅम्पस्टेडच्या माळापर्यंत जाते. सहलीच्या खास गाड्या याच रस्त्यांवरून कितीतरी पटींनी पैसे घेऊन फिरवतात.

पार्लमेंटच्या चौकात उतरा. घड्याळाचा मनोरा सगळे पाहतातच. 'बिग बेन' हे खरं तर आतल्या घंटेचं नाव; मनोऱ्याला २०१२ सालापासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. पण त्याच्याकडे पाठ करून हिरवळीकडे वळा. तिथे सगळे पुतळे पुरुषांचे होते. २०१५ साली आपले गांधीजी आले, आणि बाईचा पहिला पुतळा उभा राहिला तो २०१८ साली: मिलिसंट फॉसेट यांचा, हातात कापडी फलक धरलेला. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून या बाईंनी जवळजवळ सारं आयुष्य सभा घेण्यात, अर्ज लिहिण्यात घालवलं. चौथऱ्याच्या कडेनं त्यांच्या साथीदारांचे चेहरे कोरलेले आहेत. त्यांत सोफिया दुलीपसिंग शोधा. महाराजा रणजितसिंगांची ही नात; मताचा हक्क नाही तर करही नाही म्हणून ती सरकारशी भांडली. तिच्या वडिलांकडून, ते लहान असताना, १८४९ साली इंग्रजांनी कोहिनूर घेतला. तो हिरा आज टॉवरच्या किल्ल्यात, राजमातेच्या मुकुटात आहे. किल्ल्याचं तिकीट चांगलंच महाग आहे. तिथे घरच्यांबरोबर जावं, तेवढ्यासाठी शनिवार राखून ठेवायला हरकत नाही.

तिथून ट्रॅफल्गर चौकापर्यंत चालतही जाता येतं. चौकाच्या वरच्या अंगाला नॅशनल गॅलरी आहे, प्रवेश फुकट. दोन हजारांवर चित्रं आहेत, ती सगळी पाहायचा हट्ट धरलात तर गुडघे बोलतील. तीन-चार बघा. त्यांतलं एक सांगते: यान व्हान आयक यानं १४३४ साली काढलेलं अर्नोल्फिनी दांपत्याचं. नवरा-बायको हात हातात घेऊन उभे आहेत, पायांशी कुत्रं, खिडकीत संत्री, काढून ठेवलेली पादत्राणं आणि मागे भिंतीवर छोटा गोल आरसा. बाईला दिवस गेलेत असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नाही, त्या काळचा तो भरघोस झगा तिनं पुढे मुठीत उचलून धरला आहे. निऱ्या खोचण्याआधी आपण मुठीत धरतो ना, अगदी तसा. हे आपल्याला पाहताक्षणीच कळतं! चित्र कुठल्या दालनात ते विचारून घ्या, अधूनमधून जागा बदलतात.

पुन्हा २४ नंबर. ब्रिटिश म्युझियमसाठी टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरून पाच-सात मिनिटं चालावं लागतं. हेही फुकट, १७५९ सालापासून लोकांना खुलं. फाटकाशी पिशव्या तपासतात. इथेही तेच पथ्य: दोन गोष्टी ठरवून जा. आपल्या अमरावतीच्या, म्हणजे आंध्रातल्या अमरावतीच्या, स्तूपाचे शिल्पपट पाहा. आणि इजिप्तचा रोझेटा शिलालेख. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला, आणि त्यावरूनच विद्वानांना इजिप्तची जुनी चित्रलिपी वाचता आली. बाकीचं पुढच्या खेपेला; फुकट असण्याचा खरा फायदा हाच, की 'पैसे वसूल' करायचे नसतात.

म्युझियमच्या मागच्या दारानं बाहेर पडलात की ब्लूम्सबरी हा भाग लागतो. सहल कंपन्यांच्या यादीत तो फारसा नसतो. मला मात्र लंडनमधला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो तो हाच. घरांच्या रांगा, मध्ये चौकोनी बागा, बागेत बाकं. त्या बाकावर बसून आपला पोळी-भाजीचा डबा खावा, कुणी वळून पाहत नाही. आसपासच्या कचेऱ्यांतली मंडळीही तेच करत असतात. पाणी नळाचं चालतं, बाटली घरूनच भरून न्यावी.

गॉर्डन चौकातल्या बागेत नूर इनायत खान हिचा अर्धपुतळा आहे, २०१२ साली बसवलेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधून ती इंग्रजांना बिनतारी संदेश पाठवत असे. पकडली गेली आणि १९४४ साली दाखाऊच्या छावणीत तिला मारलं. शेजारच्या टॅव्हिस्टॉक चौकात मांडी घालून बसलेले गांधीजी. पुढे हंटर स्ट्रीटकडे चाला. या रस्त्यावर ब्रिटनमधलं बायकांसाठीचं पहिलं वैद्यक महाविद्यालय होतं, १८७४ साली निघालेलं. आजची विटांची इमारत नंतरची, आणि आता तिथे दवाखाना आहे.

इथे मुंबईची रखमाबाई शिकली. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं तिनं नाकारलं. १८८७ साली मुंबईच्या कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढल्या वर्षी तडजोड झाली, आणि १८८९ साली ती बोटीनं इथे आली. १८९४ साली डॉक्टर झाली आणि परतली. मग सुरत आणि राजकोटला बायकांच्या इस्पितळांत तिनं आयुष्य काढलं. तिला त्या बोटीत बसवायला ना सासर होतं ना जावई. आपल्याला बसचा नंबर लिहून द्यायला घरचे असतात!

तिथून दोन मिनिटांवर ब्रन्सविक चौकात फाउंडलिंग म्युझियम आहे. इथे तिकीट पडतं आणि सोमवारी बंद असतं (म्हणूनच मी मंगळवार म्हटलं). पण पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

टॉमस कोरम नावाचा एक जुना खलाशी होता. लंडनच्या रस्त्याकडेला टाकून दिलेली तान्ही पोरं पाहून त्याला राहवेना. वर्षानुवर्षं खटपट करून १७३९ साली त्यानं राजाची सनद मिळवली आणि १७४१ च्या मार्चमध्ये पहिली बाळं आत घेतली गेली. आया इतक्या आल्या की जागा पुरेना. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी पद्धत निघाली. पिशवीत हात घालून चेंडू काढायचा. पांढरा आला तर बाळाची तपासणी करून आत घेत. लाल आला तर थांबा. काळा आला तर बाळ घेऊन परत जा. मूल घरी ठेवता येत नाही म्हणून आलेल्या बाईनं, मूल हातात धरून, त्या पिशवीत हात घालायचा!

आत घेतलेल्या बाळाला नवं नाव मिळे. आईचं नाव नोंदत नसत. मग पुढेमागे दिवस पालटले आणि ती परत आली, तर तिचं मूल कुठलं हे ओळखायचं कसं? त्यासाठी आया बाळाबरोबर एखादी खूण ठेवून जात. अर्धं कापलेलं नाणं, बोटातली अंगठी, बटण. एकीनं तर नुसतं बदामासारख्या फळाचं टरफल ठेवलं, तिच्याजवळ दुसरं काय असणार? ती खूण कागदात गुंडाळून, मोहोर करून ठेवत. या खुणा म्युझियममध्ये काचेखाली मांडलेल्या आहेत. ज्यांच्यापाशी तेवढंही नव्हतं त्यांच्या बाळाच्या कपड्याचा चिंधीएवढा तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टाचत. असे हजारो तुकडे जुन्या दप्तरात राहिले आहेत. गोरगरिबांचं त्या काळचं कापड कसं होतं, हे आज अभ्यासकांना कळतं ते त्यांच्यामुळेच.

१७६७ साली एका बाईनं आपल्या गोधडीसारखा, चिंध्या जोडून शिवलेला तुकडा आणला होता. त्यावर लाल दोऱ्यानं बदाम भरला होता. तुकडा मधोमध कापून अर्धा बाळाच्या कागदाबरोबर राहिला, अर्धा तिनं नेला. १७७५ साली ती आपला अर्धा भाग घेऊन आली आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गेली. पण १७४१ ते १७६० या काळात सोळा हजारांवर मुलं आत आली, त्यांतली परत नेली गेली जेमतेम दीडशे. काचेखालच्या त्या खुणा म्हणजे पुन्हा कुणी मागायला न आलेल्या खुणा. घरी दोन महिन्यांचं नातवंड पाळण्यात असताना हे पाहणं सोपं नाही, ते आधीच सांगते. त्या दालनात मला मोठ्यानं बोलणारं कुणी आढळलं नाही.

संस्था पुढे खेड्यात गेली आणि १९२६ साली जुनी इमारत पाडली. मोकळ्या जागेवर इमल्यांचे मजले चढायचे, पण लोकांनी ती मुलांसाठी राखली. कोरम्स फील्ड्स हे तिचं नाव. फाटकावर पाटी आहे: बरोबर मूल असल्याशिवाय मोठ्या माणसांना प्रवेश नाही. तेव्हा इथे एकटीनं जाता येत नाही. पुढच्या वेळी बाबागाडी घेऊन या.

आता दोन-चार गोष्टी कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. बाहेर पडलं की आपण बायका पाणीच पीत नाही, स्वच्छतागृह कुठे सापडणार या धास्तीनं. लंडनमध्ये फुकट म्युझियम म्हणजे फुकट आणि स्वच्छ स्वच्छतागृह, हे गणित बसवून टाका. मोठी रेल्वे स्टेशनं, मोठी कापडचोपडाची दुकानंही चालतात. भुयारी रेल्वेच्या पुष्कळ स्टेशनांवर उद्वाहक नाहीत, गुडघे दुखत असतील तर बसच बरी. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांची. साडी नेसून जाता येतं, खुशाल. फक्त घोट्याच्या वर नेसा आणि जिन्याशी पदर आवरा. छत्री वाऱ्यानं उलटते, त्यापेक्षा टोपीचा पावसाळी कोट चांगला.

खाण्याचं म्हणाल तर तिथल्या 'व्हेजिटेरियन' शिक्क्याच्या पदार्थात अंडं असू शकतं. अंडंही चालत नसेल तर 'व्हीगन' असं लिहिलेलं घ्या, त्यात दूधही नसतं. यूस्टन स्टेशनामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी, डोसे मिळतात. वाणसामानासाठी वेम्बलीची ईलिंग रोड किंवा साउथॉल. तिथे मेथीची जुडी पाहून जीव सुखावतो. इथून जाताना मात्र पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे पदार्थ सामानात घालू नका, नेता येत नाहीत. आणि प्रवासाचा आजारपण-विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. पाहुण्यांना इस्पितळाचा खर्च स्वतःच करावा लागतो.

मराठी बोलायला कुणी हवं असेल तर डॉलिस हिल भागात महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. मंडळ १९३२ सालचं. गणपतीत गेलात तर परकं वाटणार नाही.

दुसऱ्या मंगळवारी तीच २४ नंबर कॅम्डेनच्या पुढे न्या. चॉक फार्म स्टेशनाशी विचारत किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरी जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली इथे राहत होते. पैसे आणि वेळ दोन्ही तुटपुंजे असताना त्यांनी इथून अभ्यास पुरा केला. २०१५ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं हे घर घेऊन स्मारक केलं. उघडण्याच्या वेळा घरून बघून निघा. बाहेर आलात की प्रिमरोझ हिल ही हिरवी टेकडी जवळच आहे. चढ बेताचा, वर बाकं आहेत, आणि सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी तिथे उजेड असतो. डिसेंबरात मात्र चारलाच अंधारतं. त्या दिवसांत गेलात तर तीनलाच परतीची बस धरा.